करकर

आजोबांची चप्पल मी पाहिलेली नाही.
ऐकलीय, आत्याच्या तोंडून.
मंगळवार पेठेत तालमीच्या कोपऱ्यावर ती वळली
की घरात आधी तिचा आवाज शिरायचा, मग केरबा.
कर्र कर्र.
त्यातही दोन जाती होत्या म्हणे:
सावकाश आली तर गुळाचा खडा,
घाईत आली तर पट्टा.
सर्जा, म्हणजे माझे बाबा, वय वर्षं सहा,
पहिल्या करकरीला पाटी पुसायचा,
दुसरीला ताट सरकवायचा,
तिसरीला जोंधळ्याच्या पोत्यांमागं.
"रडत नव्हतं गं पोरगं," आत्या सांगते,
"मोजत असायचं."

बाबांनी जन्मात वाजणारी चप्पल घातली नाही.
रबरी सपाता, उद्यमनगरात लेथवर उभं राहतानासुद्धा.
दाराच्या बिजागऱ्यांना दर अमावास्येला तेल,
सायकलची घंटी काढून फडताळात.
ठरवलं असणार त्यांनी,
आपल्या चाहुलीनं आपली पोरं पळायची नाहीत.
हात कधी उचलला नाही.
खरंच, एकदाही नाही.
फक्त ते आलेले कळायचे नाहीत.
मी गणित सोडवत असायची, मान वळवावी तर
मागं बाबा, कधीपासून उभे कोण जाणे,
वहीकडं बघत, ओठ घट्ट.
माया असेल ती.
पण पाठीला डोळे नसतात,
तिला माया आणि पाळत एकसारखीच लागते.

भाऊ अजून हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसतो,
तांबडा रस्सा निवून जातो, नजर दारावर.
मला कुणी मागून हाक मारली
की टेबलावर चहा.
राजारामपुरीतल्या डॉक्टरबाईंना मी सांगितलं,
आम्हाला कुणी मारलं नाही हो.
त्या म्हणाल्या, मग कुणाला मारलं होतं?
मी पर्स उघडली, बंद केली,
पुढच्या वेळी येते म्हटलं.
गेले नाही.

म्हणून मी खोकते.
ऋजूच्या खोलीत शिरण्याआधी,
जिन्याच्या वळणावर, फ्रीजपाशी.
किल्ल्या वाजवते, बांगड्या वाजवते,
आले गं, आले गं, म्हणत येते.
एवढं तरी मला जमलंय, असं वाटायचं.
परवा तिनं पांघरुणातून विचारलं,
आई, तू मरणार आहेस का?
सारखी खोकतेस.
काल अकरा वेळा.

रविवारी चप्पल लाईनला गेलो, तिघं.
तिच्या शाळेत लेझीम आहे.
दुकानदार म्हणाला, वाजणारी देऊ का?
दोन थरांच्या मधी विंचू घालतो आमी.
विंचू?
बी असतंय ओ ताई, रानातलं. चावत न्हाई.
ऋजूनं घातली, दुकानभर फिरली,
आरशापर्यंत, परत आरशापर्यंत,
कर्र कर्र, कर्र कर्र,
आपल्याच पायांवर खूश होऊन.
बाबा केव्हाच फुटपाथवर उतरलेले.
रसाच्या गाड्याकडं तोंड, ओठ हलत होते.
एक.
दोन.
मी पुढं झाले. अडुसष्ट वर्षांचा माणूस
भर बाजारात कुठं लपणार?

पण ती माझ्याआधी पोचली,
नवी चप्पल रस्त्यावर आपटत,
दुकानदार मागून ओरडतोय, ताई, पैसे!
आजोबा, मी आलेली कळली?

कळली, म्हणाले.
लांबूनच कळली.
मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसले,
तिच्या अंगठ्यावरचा पट्टा सारखा करायला.
तो सारखाच होता.
बराच वेळ बोटं तिथंच.

घे ही, म्हणाले.
सावकाश चाल तेवढं, बाळ.